मुक्या सोबत्याची निगा

ज्या घरी जनावर आहे, त्या घरी त्याच्या अंगावरून हात फिरविणे हे रोजचेच काम असते. घोड्याला सकाळी खरारा करावा लागतो, बैलांना ओढ्यावर नेऊन धुवावे लागते, गाईच्या कानामागच्या गोचिड्या वेचून काढाव्या लागतात. ही कामे शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. जनावर स्वच्छ राहिले तर निरोगी राहते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. परंतु त्याच घराच्या अंगणात, उंबऱ्यापाशी पाय पसरून बसलेला एक प्राणी मात्र या निगेतून पुष्कळदा वगळला जातो. तो म्हणजे कुत्रा. त्याला दोन वेळा भाकरी घातली आणि रात्री तो दारात भुंकला, की आपले व त्याचे देणे-घेणे संपले, असा अनेकांचा समज असतो. तो कितपत बरोबर आहे, हे आता आपण पाहू.

मनुष्याने जे जे प्राणी माणसाळविले, त्यांत कुत्रा हा सर्वांत जुना होय. लांडग्यांच्या कुळातून निघालेला हा प्राणी निदान पंधरा हजार वर्षांपासून माणसाच्या संगतीत राहत आला आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या वेळी माणूस शेती करीत नव्हता. गाय, शेळी, मेंढी यांपैकी एकही प्राणी त्याच्या दावणीला नव्हता. आपल्याकडे दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री दाखविलेली असतात, आणि खंडोबाच्या चित्रातही त्याच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच. इतका हा सहवास आपल्या परिचयाचा आहे. परंतु दीर्घ सहवासाबरोबर जबाबदारीही येते. रानातला लांडगा दिवसाकाठी मैलोगणती चालतो; खडकाळ जमिनीवर त्याची नखे आपोआप झिजतात. घरातल्या फरशीवर वावरणाऱ्या कुत्र्याची नखे झिजावीत कशी? शिवाय माणसाने आपल्या सोयीसाठी व हौसेसाठी कुत्र्यांच्या निरनिराळ्या जाती निर्माण केल्या. आपल्याकडील कारवानी कुत्र्याचे केस आखूड व अंगाबरोबर बसलेले असतात, तर पश्मी कुत्र्याच्या कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस लोंबत असतात. हिमालयातील मेंढपाळांच्या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ केसांचा व खाली मऊ लोकरीचा. हे लांब, दाट केस त्याला स्वतःला विंचरता येत नाहीत. म्हणजे ज्याची निगा त्याला स्वतःला घेता येत नाही असे शरीर आपणच त्याला दिले आहे. तेव्हा ती निगा घेण्याचे कामही आपल्याकडेच आले.

ही निगा केवळ शोभेसाठी नसते. केस विंचरले नाहीत तर गळलेले केस उरलेल्या केसांत अडकतात व त्यांच्या गाठी होतात. गाठी वाढल्या की त्यांखालची कातडी ताणली जाते, तिला वारा लागत नाही, आणि तेथे खाज व जखमा उत्पन्न होतात. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली, तर दोन-तीन दिवसांत तिच्यात अळ्या होतात. गोचिड्या केवळ रक्त पितात असे नव्हे. त्यांच्या दंशातून रोगाचे जंतू कुत्र्याच्या रक्तात शिरतात व त्याला गोचीडताप येतो. हा ताप कित्येकदा जिवावर बेततो. नखे फार वाढली तर चालताना ती जमिनीवर टेकून बोटे वाकडी होतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूस, जरा उंचावर, अंगठ्यासारखे एक नख असते. ते जमिनीला लागतच नाही. म्हणून ते वाढत वाढत गोल वळते आणि कधी कधी मांसात रुतते. ज्याच्या अंगावरून रोज कोणाचा तरी हात फिरतो, त्या कुत्र्याची दुखणी लवकर सापडतात. ज्याला कोणी हात लावीत नाही, त्याचे दुखणे केसांखाली लपून राहते व ते असह्य झाल्यावरच घरच्यांच्या ध्यानी येते.

एवढे समजल्यावर कोणीही म्हणेल, “मग रोज विंचरावे, नखे कापावीत, कान पुसावेत, त्यात कठीण ते काय?” कठीण हेच, की पुष्कळ कुत्री हे काम करूच देत नाहीत. एरवी मायेने अंगावर उड्या मारणारा कुत्रा, त्याचा पंजा हातात धरला की झटका देऊन तो सोडवून घेतो. कानाला हात लावला की मान फिरवितो. कात्री दिसली की पलंगाखाली जाऊन बसतो, आणि ओढून काढावयास गेले तर गुरगुरतो. लोक म्हणतात, कुत्रा हट्टी आहे, द्वाड आहे. वस्तुतः तो हट्टीही नसतो आणि द्वाडही नसतो. तो भ्यालेला असतो. पाय कशात तरी अडकणे ही कोणत्याही प्राण्याच्या दृष्टीने संकटाची गोष्ट होय, कारण अडकलेल्या प्राण्याला पळता येत नाही. आपण पंजा धरला तो त्याच्या भल्यासाठी, हे त्याला कसे कळावे? आपला हेतू आपल्या मनात असतो. त्याला कळते ती फक्त आपल्या हाताची पकड.

या भीतीचे परिणाम त्या मुक्या प्राण्यालाच भोगावे लागतात. अशा कुत्र्याच्या पायात काच शिरली, तर ती काढण्यासाठी चौघांना त्याला दाबून धरावे लागते, तोंडाला पट्टी बांधावी लागते. कित्येकदा साध्या तपासणीसाठीही त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. उपचाराच्या वेळी दुखण्याहून भीतीचाच त्रास अधिक व्हावा, ही केवढी दुःखाची गोष्ट! एकदा असे झाले म्हणजे पुढच्या वेळी तो दवाखान्याच्या पायरीवरच थरथर कापू लागतो. मग घरचे लोकही टाळाटाळ करतात. “जाऊ दे, तो करू देत नाही,” असे म्हणून निगा थांबते, आणि त्याबरोबर आरोग्यही ढासळू लागते.

यावर उपाय आहे, आणि तो औषधाच्या बाटलीत मिळत नाही. तो उपाय म्हणजे बालपणीची सवय. आपल्या गोपाळांना हे तत्त्व फार पूर्वीपासून माहीत आहे. पहिल्या वेताची गाय एकाएकी धार काढू देत नाही. म्हणून जाणता शेतकरी ती विण्यापूर्वीच रोज तिची पाठ थोपटतो, कासेवरून हळूच हात फिरवितो. विण्याच्या वेळेपर्यंत तो हात तिच्या ओळखीचा झालेला असतो. कुत्र्याच्या बाबतीत हेच काम त्याच्या पिल्लूपणी करावयाचे असते, आणि त्याला एक ठरावीक काळ असतो.

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा आंधळे व बहिरे असते. साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी त्याचे डोळे उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला ऐकू येऊ लागते. तेथून पुढे सुमारे बारा ते चौदा आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाचा असतो. ‘या जगात कोण आपले, कोण परके, कशाला भ्यावे, कशाला भिऊ नये’ याचा पाया त्याच्या मनात याच काळात घातला जातो. अमेरिकेत मेन संस्थानातील बार हार्बर या गावी जॅक्सन प्रयोगशाळा नावाची संस्था आहे. तेथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या स्वभावाचा अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

तेथेच डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग व ऑर्व्हिल इलियट यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी कॉकर स्पॅनियल व बीगल या जातींची पिल्ले त्यांच्या आयांसह, उंच कुंपण घातलेल्या शेतांत ठेवली. त्यांना अन्नपाणी मिळे, आईची ऊब मिळे, भावंडांशी खेळावयास मिळे; मात्र माणसाचा सहवास मिळत नसे. मग काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, काहींना पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात बाहेर काढून एक आठवडाभर माणसांच्या सहवासात ठेवले आणि पुन्हा शेतात सोडले. उरलेल्या पिल्लांना चौदा आठवडे माणसाचा हात असा लागलाच नाही. पुढे सर्वांची परीक्षा घेतली, तेव्हा असे दिसून आले की, योग्य वयात आठवडाभर का होईना, माणसांत राहिलेली पिल्ले माणसाजवळ येत. चौदा आठवडे दूर राहिलेली पिल्ले मात्र रानटी प्राण्यासारखी बुजत, आणि नंतर कितीही माया लावली तरी त्यांची भीती सहजासहजी जात नसे. हे निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले.

या प्रयोगावरून आपण दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिली ही, की लहान वयात थोड्याशा प्रयत्नाने जे साधते, त्यासाठी पुढे महिनेच्या महिने खर्ची पडतात. दुसरी ही, की हा काळ फार थोडा असतो. पिल्लाला आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये, असे जाणकार सांगतात. म्हणजे ते आपल्या घरी येते तेव्हा या मौल्यवान काळातील चार ते सहा आठवडेच शिल्लक उरलेले असतात. म्हणून ज्या घरी पिल्ले जन्मली तेथील माणसांनी तिसऱ्या आठवड्यापासूनच त्यांना रोज हळुवारपणे हाताळावे, आणि ज्या घरी पिल्लू जाईल तेथील माणसांनी ‘जरा मोठे होऊ दे, मग पाहू’ असे म्हणत बसू नये.

आता सवय कशी लावावयाची, ते पाहू. यासाठी आणखी एका शास्त्रज्ञाची ओळख करून घ्यावयास हवी. रशियात इव्हान पाव्हलोव्ह नावाचे थोर शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांवर प्रयोग करीत असताना त्यांना असे आढळले, की अन्न पाहिल्यावर कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते हे तर खरेच. परंतु अन्न देण्यापूर्वी प्रत्येक वेळी एखादा ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या त्या आवाजानेही पाणी सुटू लागते. त्या आवाजाला स्वतःची काही गोडी नसते. पण त्याच्या मागोमाग अन्न येते, एवढ्यावरून कुत्रा त्याच्याशी सुखाचे नाते जोडतो. नेमके हेच नाते आपणास स्पर्शाशी जोडावयाचे आहे.

समजा, तुमच्या घरी दोन महिन्यांचे एक पिल्लू आले आहे. त्याचे नाव आपण मोत्या ठेवू. मोत्या खेळून दमला आहे, पोट भरले आहे, डोळे जड झाले आहेत. अशी वेळ निवडावी. त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. पंजाला एक क्षणभर बोट लावावे आणि लगेच भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यावा. पुन्हा स्पर्श, पुन्हा तुकडा. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी स्पर्श आणि मग खाऊ, असाच क्रम हवा. आधी खाऊ दाखवून त्याला भुलविले आणि मग पंजा पकडला, तर खाऊ हीच संकटाची सूचना आहे असे तो समजेल व पुढे खाऊ पाहूनच पळ काढील. क्रम बरोबर राहिला, तर तीन-चार दिवसांत मोत्या पंजाला बोट लागताच आशेने तुमच्या तोंडाकडे पाहू लागेल. हीच पहिली पायरी साधल्याची खूण होय.

दुसऱ्या पायरीवर पंजा क्षणभर हातात धरावा, मग दोन क्षण, मग पाच. त्यानंतर एकेक बोट हळूच दाबून पाहावे, बोटांमधल्या फटी उघडून पाहाव्या. हीच रीत कानांना, शेपटीला, पोटाला व ओठांना लावावी. एका बैठकीत दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. मोत्या कंटाळण्यापूर्वीच आपण थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन जवळ येतो. मोत्याने अंग झाडून सुटण्याची धडपड केली तर काय करावे? तर आपण फार पुढची पायरी घेतली, असे समजावे. धडपडणाऱ्या पिल्लाला घट्ट दाबून धरले, तर त्याची भीती वाढते. दर वेळी धडपडीबरोबर सोडून दिले, तर धडपडले की सुटका होते हा धडा ते शिकते. म्हणून पकड सैल करावी, ते शांत होईपर्यंत थांबावे, आणि पुढच्या वेळी धडपड होणारच नाही इतकी लहान पायरी घ्यावी.

हाताची ओळख पटली म्हणजे साधनांची ओळख करून द्यावयाची. प्रथम ब्रश नुसताच जमिनीवर ठेवावा. मोत्याने तो हुंगावा, आणि त्याला खाऊ मिळावा. मग ब्रशची मागची, सपाट बाजू पाठीवरून फिरवावी. नंतर केसांची बाजू. केस ज्या दिशेला वळलेले असतील त्याच दिशेने हलक्या हाताने विंचरावे. गाठ सापडली तर ती ओढू नये. मुळाशी बोटांनी केस धरून, टोकाकडून हळूहळू सोडवावी, म्हणजे कातडी ताणली जात नाही. विंचरण्याने गळलेले केस निघून जातात व त्वचेतील नैसर्गिक तेल सर्व केसांना पोचते, म्हणून अंगावर तकाकी येते. उन्हाळ्यात कीव येऊन पुष्कळ लोक दाट केसांच्या कुत्र्याचे केस कातडीपर्यंत भादरून टाकतात. परंतु ते केस उन्हापासूनही त्याचे रक्षण करीत असतात. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो पंजांच्या गाद्यांनाच काय तो येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हा त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय असतो. तेव्हा सावली, ताजे पाणी आणि नियमित विंचरणे, यांनीच त्याचा उन्हाळा सुखाचा होतो.

नखे कापण्याचे काम मात्र नाजूक आहे, आणि ते घरातील मोठ्या माणसांनीच करावे. कुत्र्याच्या नखाच्या आत काही अंतरापर्यंत रक्तवाहिनी व मज्जातंतू गेलेले असतात. या सजीव भागाला आपल्या भाषेत जिव्हाळी असा सुंदर शब्द आहे. कात्री जिव्हाळीला लागली तर रक्त येते व फार कळ लागते. पांढऱ्या नखातून जिव्हाळी गुलाबी दिसते. काळ्या नखातून ती दिसत नाही. म्हणून नखाचे टोक तेवढेच, अगदी थोडे थोडे कापावे. पहिल्या दिवशी तर काहीच कापू नये. कात्री नखाला नुसती टेकवावी आणि खाऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी कात्रीचा आवाज करून दाखवावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकच नख कापावे आणि थांबावे. एका दिवसात एकच नख झाले म्हणून काही बिघडत नाही. घाईने एकाच दिवशी सगळी नखे उरकताना एकदा जरी जिव्हाळी दुखावली, तरी ती आठवण कुत्रा पुढे कित्येक दिवस विसरत नाही.

स्नान, कान व दात यांचेही असेच. पहिल्या स्नानापूर्वी मोत्याला कोरड्या घंगाळात उभे करून खाऊ द्यावा. नंतर तळाशी बोटभर कोमट पाणी असावे. पाय घसरला की पिल्लू घाबरते, म्हणून तळाशी एखादे जुने गोणपाट घालावे. अंगावर पाणी हळूहळू, मानेपासून मागे ओतावे. डोक्यावर एकदम तांब्या उपडा करू नये. कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेहून निराळी असते, त्यामुळे आपला साबण तिला मानवत नाही. कुत्र्यांसाठी केलेलाच साबण वापरावा. वारंवार स्नान घालण्याचेही कारण नाही. त्याच्या कानाची नळी आधी खाली व मग आडवी वळलेली असते; त्यामुळे आत गेलेले पाणी लवकर बाहेर येत नाही. कानाचा दिसणारा भाग तेवढाच मऊ फडक्याने पुसावा, आत काडी कदापि घालू नये. पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. ते पडून पुढे बेचाळीस कायमचे दात येतात. प्रथम बोटाला ओले फडके गुंडाळून दातांवरून फिरवावे, पुढे लहान ब्रश वापरावा. माणसांची दंतमंजने मात्र त्याला लावू नयेत. त्याला चूळ भरता येत नाही. तो ती गिळतो, आणि त्यांतील काही पदार्थ त्याला अपायकारक असतात.

स्पर्शाप्रमाणेच आवाजाचीही सवय लावावी लागते. माणसाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजार कंपनांपर्यंतचा. त्यामुळे केस कापण्याच्या विजेच्या यंत्राची घरघर आपणास वाटते तशीच त्याला वाटत असेल, असे समजू नये. ते यंत्र प्रथम शेजारच्या खोलीत सुरू करावे, मोत्याला इकडे खाऊ द्यावा, आणि दिवसादिवसाने अंतर कमी करावे.

हे सर्व करीत असताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावयाची. कुत्रा मुका असला तरी निःशब्द नसतो. त्याचे अंग बोलत असते. झोप नसताना जांभई देणे, पुनःपुन्हा ओठ चाटणे, तोंड फिरविणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे, अंग ताठ करणे, ही सर्व ‘मला भीती वाटते’ या एकाच वाक्याची निरनिराळी रूपे होत. यांकडे दुर्लक्ष झाले तरच तो गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. मार खाऊन तो सूचना देण्याचे सोडून देईल, पण त्याची भीती तशीच राहील. आणि मग एखाद्या दिवशी सूचना न देताच चावेल. तो गुरगुरला की आपण हात मागे घ्यावा, आणि त्याला कशाची भीती वाटली याचा शांतपणे विचार करावा.

येथे कोणी विचारील, “आमचा कुत्रा तर चार वर्षांचा आहे. त्याचे काय?” त्याचाही मार्ग बंद झालेला नसतो, फक्त तो लांबचा असतो. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषींनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची भीती कशी घालविली, ते प्रसिद्ध केले. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवीत, आणि मूल घाबरणार नाही इतक्या बेताने तो हळूहळू जवळ आणीत. अखेरीस ते मूल सशाच्या अंगावरून हात फिरवू लागले. भ्यालेल्या मोठ्या कुत्र्यासाठीही हीच रीत उपयोगी पडते. मात्र पिल्लाला जेथे दिवस लागतात, तेथे त्याला आठवडे लागतील आणि कित्येकदा महिनेही. ज्या कुत्र्याने पूर्वी कोणाला चावा घेतला असेल, त्याच्या बाबतीत पशुवैद्याचा सल्ला घेतल्यावाचून काही करू नये.

ही केवळ हौशी लोकांची गोष्ट आहे असेही समजू नका. मीरत येथे भारतीय सेनेच्या पशुदलाचे केंद्र आहे. सुरुंगांचा माग काढणारी, पहारा देणारी कुत्री तेथे तयार होतात. २०१६ साली आपल्या शेजारच्या मुधोळ भागातील कुत्रीही तेथे शिक्षणासाठी नेण्यात आली. अशा कुत्र्याबरोबर त्याचा एक जवान असतो, आणि त्या कुत्र्याचे अंग रोज विंचरणे व तपासणे हे त्या जवानाच्या कर्तव्यातच मोडते. त्या वेळी जखम, काटा, गोचीड हे तर सापडतेच. त्याखेरीज आणखीही एक गोष्ट घडते. रोजच्या त्या हातामुळे कुत्रा व जवान यांची मने जुळतात. संकटाच्या जागी कुत्रा पुढे जातो तो त्या ओळखीच्या हातावर विसंबून.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. येथे सांगितलेले सर्व घरच्या, माहितीच्या कुत्र्याविषयी आहे. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला, जेवत असलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीला हात लावावयास जाऊ नये. घरच्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पशुवैद्याकडून अलर्क रोगाची, म्हणजे कुत्रा पिसाळण्याच्या रोगाची, लस टोचून घ्यावी. कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घरच्यांना लगेच सांगावे, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. मार मिळेल या भीतीने असा चावा लपवून ठेवणे प्राणघातक ठरू शकते. कारण या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की मग सहसा इलाज चालत नाही. वेळीच घेतलेली लस मात्र जीव वाचविते.

कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याला एकच गोष्ट करता येते. आपला पंजा आपल्या हातात विश्वासाने ठेवता येतो. तो विश्वास जोराने मिळत नाही आणि एका दिवसात मिळत नाही. पिल्लूपणी रोजची दोन मिनिटे, एक हरभऱ्याएवढा तुकडा आणि घाई न करणारा हात, एवढ्याच भांडवलावर तो मिळवावा लागतो. पुढे दहा-बारा वर्षांनी तोच मोत्या म्हातारा होतो, त्याचे गुडघे धरतात, दृष्टी मंदावते, आणि त्याला रोजच औषधपाण्याची गरज पडू लागते. त्या वेळी तो आपल्या हाताला भीत नाही, उलट त्या हाताची वाट पाहतो. लहानपणी लावलेल्या सवयीचे मोल त्या दिवशी खरोखर कळते.